मेंढरे वळणाऱ्या जातीचा कुत्रा आपल्या घराला मानवेल काय?

देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर कुत्रा नाही असे घर विरळाच. पडवीच्या पायरीवर किंवा ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत पडून राहणारा, उरलेली पेज आणि माशांची डोकी खाऊन वाढलेला गावठी कुत्रा हा येथील संसाराचा भागच आहे. त्याची निवड सहसा कोणी करीत नाही. तो आपणहून येतो आणि राहतो. विकत आणलेल्या जातिवंत पिल्लाची गोष्ट निराळी आहे. ते पैसे मोजून, काही हेतू मनात धरून आणलेले असते. अशा पिल्लांत अल्सेशियन, म्हणजेच जर्मन शेफर्ड, सर्वांत परिचित आहे. त्याच्या जोडीला लांब केसांचा कॉली आणि काळापांढरा बॉर्डर कॉली यांचीही मागणी होते. या तिन्ही जाती मुळात मेंढ्यांचे कळप वळण्यासाठी घडविल्या गेल्या, ही गोष्ट मात्र पिल्लू घेताना फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

नारळी-पोफळीची बाग राखावी, माकडे पिटाळावीत, शेळ्यांबरोबर कोणी हुशार सोबती असावा, असा घेणाऱ्याचा विचार असतो. त्यात गैर काही नाही. परंतु ज्या गुणांसाठी मेंढपाळाने हा कुत्रा पिढ्यानपिढ्या निवडला, तेच गुण कळप नसलेल्या घरात उपद्रव होऊन बसतात. कुत्रा बारा-तेरा वर्षे जगतो. तेव्हा गाय किंवा पंप घेताना जितका विचार केला जातो, तितका तरी येथे करणे अगत्याचे आहे.

वळणारा कुत्रा आणि राखणारा कुत्रा

मेंढपाळाचा कुत्रा म्हटले की सर्व कुत्री एकाच कामाची, असा समज आहे. तो बरोबर नाही. देशावरील धनगराचा कुत्रा मेंढ्या वळत नाही. वळण्याचे काम धनगर स्वतः करतो, हाळी देऊन आणि काठीच्या इशाऱ्याने. कुत्र्याचे काम रात्री सुरू होते. मेंढ्या जाळीच्या कुंपणात बसविल्या की तो बाहेर फिरत राहतो आणि लांडग्याची चाहूल लागताच अंगावर जातो. लांडग्याने नरडे धरू नये म्हणून काही ठिकाणी त्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात. हा राखण करणारा कुत्रा होय. हिमालयातील गद्दी व बकरवाल मेंढपाळांचे थोराड, केसाळ कुत्रेही याच वर्गातले. मुधोळ, कारवानी, पश्मी या नावांनी ओळखले जाणारे सडपातळ, लांब पायांचे कुत्रे तिसऱ्याच कामाचे आहेत. ते नजरेने सावज टिपून वेगाने पाठलाग करतात. मुधोळ हाउंडवर भारतीय टपाल खात्याने २००५ साली तिकीट काढले तेव्हापासून त्याचे नाव घरोघरी पोचले, पण तोही कळप वळणारा नव्हे.

कळप वळणारा कुत्रा ही प्रामुख्याने युरोपातील मेंढपाळांची निर्मिती आहे. लांडगा शिकार करतो तेव्हा त्याच्या हालचालींचा एक क्रम असतो. आधी रोखून पाहणे, मग दबा धरून पुढे सरकणे, वळसा घालणे, पाठलाग करणे, चावणे आणि शेवटी मारणे. मेंढपाळांनी या क्रमातील पहिल्या चार गोष्टी तीव्र असलेली आणि शेवटच्या दोन मंदावलेली कुत्री निवडून त्यांचीच वीण पुढे चालविली. बॉर्डर कॉली हा त्या निवडीचा कळस होय. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवरील डोंगरांत तो तयार झाला. १८९३ साली नॉर्थम्बरलंड परगण्यात जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ नावाचा कुत्रा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. हा कुत्रा फारसा भुंकत नाही. अंग जमिनीलगत करून तो मेंढ्यांवर नजर रोखतो आणि मेंढ्या त्या नजरेने हलतात. दिवसभरात डोंगर चढून-उतरून मैलोन्‌मैल धावावे, एवढा दम त्याच्या अंगी असतो.

जर्मन शेफर्डचे काम थोडे वेगळे होते. जर्मनीत कुंपण नसलेल्या शेतांमधील पट्ट्यांत मेंढ्या चरत आणि कुत्रा पिकाच्या कडेने दिवसभर दुडक्या चालीने येरझारा घालून त्यांना आत शिरू देत नसे. जणू चालते-फिरते कुंपणच. १८९९ साली मॅक्स फॉन श्टेफानिट्झ या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने ‘होरांड’ नावाचा कुत्रा घेऊन या जातीची पहिली नोंद केली. पुढे ती पोलीस व सैन्य यांत गेली आणि जगभर राखणदार म्हणून प्रसिद्ध झाली. तथापि सतत चालत राहण्याची आणि कोणीतरी काम सांगावे याची वाट पाहण्याची तिची मूळ वृत्ती गेलेली नाही.

चालत्या-फिरत्या कुंपणाची गोष्ट ऐकून कोकणातील शेतकऱ्याला मोह होणे साहजिक आहे. भातकापणीनंतर मोकळी सुटणारी गुरे आणि शेजाऱ्याच्या वायंगणी शेतीचे त्यांच्याकडून होणारे नुकसान हा गावोगावीचा तंटा आहे. परंतु ते कुंपण एकटे चालत नसे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मेंढपाळ कळपापाशी उभा असे आणि कुत्र्याची एक नजर कायम त्याच्याकडे असे. माणूस घरी आणि कुत्रा शेतात, अशी ती व्यवस्था नव्हती.

काम न मिळाल्यास काय होते

अशा कुत्र्याला काम दिले नाही तर तो स्वतः शोधून काढतो. धावत जाणारी कोणतीही वस्तू त्याला कळपातून फुटलेल्या मेंढीसारखी वाटते. दुचाकी, एस.टी., सायकलवरून शाळेत निघालेली मुले, वाळवणाजवळ आलेल्या कोंबड्या, शेजाऱ्याचे वासरू, जे हलेल त्याच्यामागे तो लागतो. अंगणात खेळणाऱ्या मुलांना वळसे घालून एका कोपऱ्यात गोळा करतो आणि कोणी निसटले की टाचेला दात लावतो. ही टोचणी तो रागाने करीत नाही. गुरे वळणाऱ्या कुत्र्यांची ती कामाची रीतच आहे. पण टाच चार वर्षांच्या मुलाची असेल तर रीत कोणती होती हे विचारण्यात अर्थ नाही. गाभण शेळी किंवा गाभण गाय पिटाळली गेल्यास गर्भपाताचे भय असते. मग नुकसान भरून देण्यावरून दोन घरांत वैर येते.

घरात कोंडला गेला तर तो दारे ओरबाडतो, काथ्याचे दोर आणि मासेमारीची जाळी चघळून टाकतो, माडाची आळी उकरतो. तासन्‌तास एकाच वर्तुळात फिरणे, आपलेच शेपूट पकडू पाहणे किंवा सावलीमागे धावणे ही लक्षणे दिसू लागली म्हणजे कुत्रा कंटाळ्याने आजारी पडू लागला असे समजावे.

यावर बहुतेक ठिकाणी होणारा उपाय म्हणजे साखळी, आणि तोच सर्वांत वाईट उपाय आहे. दिवसभर बांधलेला चपळ कुत्रा चिडखोर होतो आणि सुटला की चावतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावर बराच काळ बांधून ठेवणे हा अपराध आहेच, शिवाय नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरविण्यात हयगय करणे हाही त्याच कलमाखाली अपराध आहे. आपण कुत्रा बांधतो म्हणजे जबाबदारीने वागतो, असे मानणाऱ्या कुटुंबांना गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही तरतूद जरूर सांगावी.

सिंधुदुर्गात त्याच्याजोगे काम आहे काय

वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात मेंढी रुजली नाही. ओल्या जमिनीत तिचे खूर कुजतात आणि जंतांचा त्रास होतो. देशावरील काही धनगर कुटुंबे पाऊस संपल्यावर कळप घेऊन उत्तर कोकणात उतरतात, पण पुढच्या पावसाआधी तीही घाटावर परत जातात. सह्याद्रीच्या पायथ्याशी सिंधुदुर्गातील धनगरवाड्यांवर गाई-म्हशी आणि शेळ्या आहेत. जिल्ह्याची स्वतःची म्हणता येईल अशी कोकण कन्याळ शेळी आणि बुटकी, काटक कोकण कपिला गाय हे येथील खरे पशुधन होय.

आता शेळी ही मेंढी नव्हे. भय वाटले की मेंढ्या एकमेकींना चिकटून गोळा होतात आणि या एका स्वभावावरच वळणाऱ्या कुत्र्याचे सारे कसब उभे आहे. शेळ्या पांगतात, दगडावर चढतात, किंवा वळून शिंगे रोखून उभ्या राहतात. शिकविलेला कुत्रा शेळ्यांवरही काम करू शकतो, परंतु त्याला शिकविणारा माणूस लागतो. तो जिल्ह्यात सहजी मिळणारा नाही. पाच-दहा शेळ्या असलेल्या कुटुंबाला असा कुत्रा आणण्यापेक्षा घरातील कोणी काठी घेऊन बरोबर जाणे अधिक सोयीचे, हे मोकळेपणाने सांगितलेले बरे. वीस-पंचवीसहून अधिक शेळ्या, रोज रानात जाणारा एक ठरलेला माणूस आणि कुत्र्याला शिकविण्याची त्याला आवड, हे तिन्ही योग एकत्र आले तर मात्र विचार करण्यास हरकत नाही.

माकडांचा प्रश्न वेगळा. केळी, नारळ, काजू आणि आंबा यांच्या बागायतदाराला माकडे व वानर जेरीस आणतात हे खरे. चपळ कुत्रा जमिनीवर उतरलेली टोळी पळवितो, पण झाडावर चढलेल्या टोळीपुढे त्याचे काही चालत नाही. टोळीही थोड्याच दिवसांत त्याची वेळ आणि हद्द ओळखते. मोठा नर उलटून आला तर कुत्रा फाडला जातो. या कामी एका जातिवंत कुत्र्यापेक्षा बागेतच वाढलेली दोन-तीन गावठी कुत्री आणि त्यांच्याबरोबर हिंडणारा माणूस यांचा उपयोग जास्त होतो. रानडुकरांच्या मागे तर कोणताही कुत्रा सोडू नये. डुकराच्या सुळ्याने पोट फाटलेल्या कुत्र्याला वाचविणे फार कठीण.

किनाऱ्यावरच्या घरांना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत वायंगणी, तांबळडेग यांसारख्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या अंडी घालण्यास येतात आणि पिल्ले मेपर्यंत बाहेर पडत असतात. मोकळा सुटलेला कुत्रा घरटी उकरतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला सर्वोच्च दर्जाचे संरक्षण दिले आहे. तेव्हा ‘कुत्र्याला धावायला एवढा समुद्रकिनारा आहे की’ हे उत्तर वर्षातील निम्मा काळ तरी पुरे पडत नाही. या महिन्यांत किनाऱ्यावर कुत्रा दोरीनेच फिरवावा.

हवा, कातळ आणि पाऊस

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकल्याने तोंडातील ओलावा उडतो व त्याने शरीर थंड होते. मालवणच्या हवेत आर्द्रता इतकी असते की हा ओलावा लवकर उडत नाही. म्हणून कोरड्या देशावर ३८ अंशांत जो कुत्रा तग धरतो, तो येथे ३३ अंशांतही बेजार होऊ शकतो. त्यात या विदेशी जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतला लोकरीसारखा दाट आणि बाहेरचा राठ. उन्हाळ्यात कुत्रा भादरून टाकण्याची रीत काही ठिकाणी आहे. ती चुकीची आहे, कारण बाहेरचा थर उन्हापासून कातडीचा बचाव करतो. दाट केस विंचरून मोकळे करावेत, कापू नयेत.

या जातींचा स्वभावच असा की काम मिळाले म्हणजे ती थकवा दाखवीत नाहीत आणि कोसळेपर्यंत धावतात. मार्च ते मे या काळात सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावरच त्यांना पळवावे. सड्यावरचा काळा कातळ दुपारी इतका तापतो की पंज्यांची कातडी सोलते. हाताची पाठ कातळावर टेकवून सहा-सात सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्याला तेथून नेऊ नये. सड्यावर फुरसेही असते आणि गवतात नाक खुपसून धावणाऱ्या कुत्र्याला ते तोंडावरच चावते. उन्हाने धाप थांबेनाशी झाली, हिरड्या गडद लाल झाल्या, झोक जाऊ लागला तर कुत्रा सावलीत घ्यावा, पोट, मांड्या व पंजे साध्या पाण्याने भिजवावेत, वारा घालावा आणि तसेच पशुवैद्यकाकडे न्यावे.

खरी परीक्षा मात्र पावसाळ्यात होते. या कुत्र्याला रोज दीड-दोन तास धावणे आणि त्याखेरीज डोके चालविण्याजोगे काहीतरी काम लागते. आषाढात संततधार लागली म्हणून त्याची गरज कमी होत नाही. दाट केस दिवसेंदिवस ओले राहिल्याने कातडीला बुरशी व कानांत पू होतो. पिल्लू घेऊ इच्छिणाऱ्या घराने एक साधा प्रयोग करून पाहावा. जो माणूस कुत्रा फिरविणार असेल त्याने महिनाभर रोज पहाटे एक तास आणि संध्याकाळी एक तास रिकाम्या हाताने फिरून यावे. तो महिना आषाढाचा असल्यास उत्तम. महिना पुरा झाल्यावरही घरात पिल्लाचा विषय निघाला तर पुढचा विचार करावा.

गोचीड, रोग आणि एक धोक्याचे औषध

रानात फिरणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर गोचिडी येतात आणि त्यांच्यापासून कुत्र्याला रक्तातील जंतूंचा ताप येतो. दाट केसांत गोचीड लवकर दिसत नाही. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत व शेपटीखाली रोज हात फिरवून पाहावे. २०१६ पासून दोडामार्ग आणि नंतर बांद्याच्या बाजूला माकडतापाचे रुग्ण आढळले. हा रोग जंगलातील गोचिडीमार्फत माणसाला होतो. माकडे मेलेली आढळली असतील त्या रानात कुत्रा मुळीच नेऊ नये, कारण गोचीड अंगावर घेऊन तो थेट माजघरात येतो. भातशेतीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो. उंदरांच्या मुतापासून पसरणारा हा रोग कुत्र्याला होतो आणि कुत्र्यापासून माणसालाही होऊ शकतो. त्याची लस कुत्र्याला दरवर्षी टोचून घ्यावी. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयाला, पुढे पशुवैद्यक सांगेल तेव्हा दुसरी मात्रा आणि मग दरवर्षी, यात खंड पडता कामा नये. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

यापुढील गोष्ट कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावी. गुराशेळ्यांच्या जंतांवर व गोचिडींवर आयव्हरमेक्टिन हे औषध सर्रास वापरले जाते आणि उरलेले औषध कुत्र्याच्या खरजेवर टोचण्याची सवय पुष्कळांना आहे. कॉली व त्याच्या जवळच्या काही जातींमध्ये एक आनुवंशिक दोष आढळतो. त्यामुळे हे औषध मेंदूत जाण्यापासून रोखणारी शरीरातील व्यवस्था काम करीत नाही. लांब केसांच्या कॉलीमध्ये हा दोष फार मोठ्या प्रमाणावर असतो, बॉर्डर कॉलीमध्ये क्वचित. अशा कुत्र्याला खरजेसाठी देतात ती मात्रा टोचली तर त्याचे पाय लटपटतात, लाळ गळते, दिसेनासे होते, तो बेशुद्ध पडतो आणि मरतो. हे औषध उतरविणारा खात्रीचा उतारा नाही. गोठ्यातील कोणतेही औषध पशुवैद्यकाला विचारल्याखेरीज या जातींच्या किंवा त्यांच्या संकराच्या कुत्र्यास देऊ नये. नुकतेच औषध दिलेल्या गुरांचे शेणही त्यास खाऊ देऊ नये.

आहाराबाबत थोडे. नुसत्या पेजेवर व भातावर धावणारा कुत्रा पोसला जात नाही. अंडी, उकडून काटे काढलेली मासळी, डाळ व भात असे मिश्रण चालते. सुक्या मासळीत मीठ फार असते, ती देऊ नये. रापणीतून पुळणीवर टाकून दिलेला केंड मासा विषारी असतो आणि तो खाऊन कुत्रा मरू शकतो.

बिबट्याविषयी विस्ताराने सांगण्याची गरज सिंधुदुर्गातील वाचकाला नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या आहारात कुत्र्याचाच वाटा सर्वांत मोठा आढळला. रात्री अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यासाठी वाढून ठेवलेले ताट होय. कुत्रा महागाचा असो वा गावठी, रात्री त्याला पडवीच्या आत बंद दाराआड किंवा वरून छप्पर असलेल्या जाळीच्या खोपीत घ्यावे.

घरात कोण आहे

जात, हवा, औषधे या सर्वांपेक्षा मोठा प्रश्न हा आहे. कोकणातील पुष्कळ घरांतून कर्ती माणसे मुंबईस असतात आणि गावी आईवडील राहतात. चाकरमानी मुलगा मे महिन्यात किंवा गणपतीला येताना गोंडस पिल्लू घेऊन येतो. घरात दोघेच असतात, सोबत होईल, राखण होईल, हा त्याचा भाव प्रेमाचाच असतो. पंधरा दिवस मुले पिल्लाशी खेळतात आणि मग सुट्टी संपते. आठ महिन्यांत ते पिल्लू तीस किलोचे होते. सत्तरीच्या आजीला त्याची दोरी आवरत नाही. एका हिसक्यात ती पडते आणि खुब्याचे हाड मोडते, तेव्हा सोबतीचा हिशेब कोणाला लागत नाही. वृद्ध माणसांच्या घराला सोबतीसाठी मध्यम वयाचा, शांत स्वभावाचा गावठी कुत्राच योग्य. मुलाला तसे स्पष्ट सांगण्याचा संकोच आईवडिलांनी करू नये, आणि कार्यकर्त्याने त्यांच्या वतीने सांगितले तर अधिक बरे.

ज्या घरी तरुण, सशक्त आणि गावातच राहणारा एक तरी माणूस आहे, कुंपण असलेली निदान अर्धा एकर जागा आहे, मुले सहा-सात वर्षांहून मोठी आहेत, लसी, औषधे व आहार यांचा खर्च दर महिन्यास झेपणारा आहे आणि शेजारी समजूतदार आहेत, त्या घराला हा कुत्रा मानवू शकतो. पर्यटकांसाठी खोल्या चालविणाऱ्या घरांनी मात्र दोनदा विचार करावा. रोज नवी माणसे, त्यांची धावणारी मुले आणि वळण्याची उपजत खोड असलेला कुत्रा यांचा मेळ बसणे अवघड.

पिल्लू घ्यायचे ठरल्यास

२०१७ च्या कुत्रे प्रजनन व विक्री नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. याहून लहान पिल्लू कोणी देऊ करीत असेल तर तेथून परतावे. पिल्लाची आई पाहावी. ती भित्री किंवा अंगावर येणारी असेल तर पिल्लू कितीही देखणे असले तरी घेऊ नये. जर्मन शेफर्डमध्ये मागच्या पायांच्या खुब्याचा सांधा सदोष असण्याचे प्रमाण बरेच आहे. आईबापांच्या खुब्याचे क्ष-किरण चित्र काढले आहे काय हे विचारावे. पाठ मागे अति उतरती असलेली कुत्री प्रदर्शनात शोभतात, कामाला उपयोगी पडत नाहीत. एकाच आईची सर्वांत चळवळी, सर्वांआधी अंगावर झेपावणारी आणि कोपऱ्यात दडणारी अशी दोन्ही टोकांची पिल्ले सोडून मधले निवडावे.

घरी आणल्यावर पहिल्या दिवसापासून हाकेला येणे आणि थांबणे या दोन गोष्टी शिकवाव्यात. आज्ञेचा शब्द सर्वांनी एकच वापरावा. एकाने ‘ये’ म्हणायचे, दुसऱ्याने ‘हयसर ये’ आणि मुंबईच्या नातवाने इंग्रजीत बोलवायचे, असे झाले तर दोष पिल्लाचा नाही. आज्ञा पाळताच लगेच मासळीचा तुकडा द्यावा. मारू नये, कारण या जाती मार विसरत नाहीत. शेळ्या-कोंबड्यांची ओळख दोरी धरूनच करून द्यावी. पिल्लू त्यांच्याकडे पाहून मग शांतपणे माणसाकडे वळले की बक्षीस द्यावे. वर्ष-दीड वर्ष होईपर्यंत त्यास जनावरांत एकटे सोडू नये. पाठलागाची गोडी एकदा लागली की ती मोडणे फार कठीण जाते.

ज्यांच्या घरी असा कुत्रा आधीच आलेला आहे आणि जो आवरेनासा झाला आहे, त्यांनी निराश होऊ नये. धावण्याइतकेच वास घेऊन शोधण्याचे काम कुत्र्याला दमविते. रोजचे खाणे थाळीत न देता नारळाच्या सोडणांत, पेंढ्यात किंवा अंगणात लपवून त्याच्याकडून शोधून काढवावे. पंधरा मिनिटांचा हा शोध पावसाळ्यात विशेष उपयोगी पडतो. वर्षभरानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्याचे निर्बीजीकरण करून घ्यावे, म्हणजे भटकणे कमी होते. इतके करूनही निभत नसेल तर त्यास दूरच्या गावी किंवा बाजाराच्या ठिकाणी नेऊन सोडू नये. जनावर उपाशी-तापाशी मरेल असे टाकून देणे हाही १९६० च्या कायद्याने अपराध आहे. ज्यांचे कुटुंब बागेतच राहते आणि ज्यांच्या हाताखाली दिवसभर काम आहे असा बागायतदार तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करून शोधावा. कुत्रा त्याच्या हवाली करताना लसीची नोंदवही, कोणती औषधे चालत नाहीत याची चिठ्ठी आणि कुत्रा कोणत्या शब्दांना ओळखतो त्यांची यादी बरोबर द्यावी.